मागं कोण बसणार?

निपाणीत पद्मराज मगदूमकडं टायर घ्यायला गेलात, तर आधी तुमचीच उलटतपासणी होते. हे आधीच सांगून ठेवतो, मागनं कुरकुर नको. पुण्याची, बेंगळूरची पोरं त्या लांब फिरायच्या उंच, जुन्या मोटारसायकली घेऊन आंबोलीमार्गे गोव्याला निघालेली असतात. हायवे सोडून दुकानापुढं थांबतात आणि म्हणतात, "अंकल, चांगला टायर दाखवा." झालं. पद्मराज चष्मा कपाळावर सरकवतो. "चांगला कशासाठी? जायचं कुठं? रस्ता डांबरी का मातीचा? माती लाल का काळी? आणि मागं कोण बसणार?"

शेवटचं ऐकून पोरं हसतात. पण त्यात हसण्यासारखं काय न्हाय. मागं माणूस बसणार असलं तर मागचा टायर बदलतो, त्यातली हवा बदलते, शॉक किती ताठ ठेवायचा तेबी बदलतं. एकटा जाणारा आणि जोडीनं जाणारा, दोघांचा टायर एक न्हाय, असं तो म्हणतो.

मी मारुतीराव. त्याच्या शेजारी माझं सीटा शिवायचं दुकान. माझं तोंड फटकळ हाय असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत न्हाय. पद्मराज उलट. मूळचा सदलग्याचा, जैन घरातला, मितभाषी, आणि कन्नड-मराठी दोन्हीत सारखाच कमी बोलणारा. कंपन्यांनी बनवायच्या बंद केलेल्या उंच गाड्यांचे पार्ट शोधून देणं हे त्याचं मुख्य काम. कुणाच्या गोठ्यात कुठली गाडी धूळ खात पडलीय, कुठल्या गाडीचा कुठला पार्ट दुसरीला जरा घासून बसतो, सगळं डोक्यात. फोन तर दिवसभर वाजतो. "अण्णा, कार्बोरेटर मिळंल का?" "अण्णा, पुढचा शॉक गळतोय." पण "अण्णा, जेवलास का?" असं विचारायला एकबी फोन येत न्हाय. मी शेजारी बसतो, मला ऐकू येतंय की सगळं.

कारण विचारणारी गेली. मेली न्हाय, गेली.

कमलावैनीनं सहा वर्षांमागं दीक्षा घेतली. मूलबाळ न्हवतं. पहिल्यापासनं देवळाकडं ओढा, उपास, जप, आणि एक दिवस तिनं नवऱ्याला सांगितलं, मला आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, व्हायचंय. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, दिवसातनं एकदाच जेवण, तेबी ओंजळीत. आणि जिथं जायचं तिथं चालत. जिचा नवरा चाकावर जगतो तिनं चाकच सोडलं, जन्मभरासाठी. भर मांडवात हजार माणसांपुढं पद्मराजला विचारलं, तुमची संमती हाय का? त्यानं हात जोडून 'हाय' म्हटलं. मी मागच्या रांगेत उभा होतो, माझं डोकंच फिरलं.

"का हो म्हणालास रं?" मी परत येताना भांडलो त्याच्याशी.

"तिनं मागितली."

"मागितली म्हणून द्यायची?"

"मारुती, आमच्या आख्ख्या संसारात तिनं दुसरं काय मागितलं सांग बघू."

पण राग गेला न्हाय माझा. अजूनबी सगळा गेलेला न्हाय, खरं सांगतो.

त्या दोघांची एक गाडी होती. तसलीच, उंच, बंद पडलेल्या मॉडेलची. मी तिला उंट म्हणायचो. दर अमावास्येला स्तवनिधीला जायचे, पावसाळ्यात आंबोलीला, मागं कमलावैनी मांडीवर डबा घेऊन. तिचे गुडघे दुखायचे म्हणून तिची सीट मीच रुंद, मऊ शिवून दिलती. ती गेल्यावर गाडी दुकानामागं उभी राहिली. मग कुणी पोरगं अडकलं की पद्मराज मागं जायचा आणि उंटाचा एकेक अवयव काढून द्यायचा. कार्बोरेटर गेला, शॉक गेले, चाकं गेली. शेवटी सांगाडा, टाकी आणि माझी सीट तेवढी राहिली. सीट कुणी मागितली न्हाय आणि मागितली असती तर मीच दिली नसती.

मागल्या वर्षी दिवाळी झाल्यावर बातमी आली. इतकी वर्षं वरच्या मुलखात फिरणारा कमलावैनीचा संघ आता श्रवणबेळगोळकडं निघाला होता, आणि वाटंत एक दिवस सदलग्याला थांबणार होता. एकच दिवस. तिथनं खाली दक्षिणेत, आणि वैनीचं वय, गुडघे बघता परत इकडं येणं न्हाय. पद्मराज दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मारुती, मला एकदा तिच्या ओंजळीत माझ्या हातानं घास घालायचाय. एकदाच."

हे साधं न्हाय, ते सांगायला पायजे. ही माणसं कुणाच्या घरी बोलावून जेवत न्हाईत. सकाळी देवळातनं निघताना मनात एक खूण धरतात. दारात जोडपं उभं पायजे, न्हायतर कुणाच्या हातात नारळ पायजे, काहीबी. खूण कुणाला सांगत न्हाईत. लोक आपापल्या दारात शुद्ध कपड्यात उभं राहून हाका मारतात, खूण जुळली तर माताजी थांबतात, न्हायतर पुढं जातात. कुठंच जुळली न्हाय तर त्या दिवशी उपास. त्यामुळं लोक काय काय हातात घेऊन उभे राहतात. पद्मराजचं आधीच ठरलं होतं. सदलग्याच्या घराच्या परसात कमलावैनीनं लावलेलं डाळिंबाचं झाड होतं. त्याची दोन डाळिंबं हातात घेऊन तो उभा राहणार होता.

आणि जाणार उंटावरनंच. मी म्हटलं, "अरं बाबा, माझी स्कूटर ने. सांगाड्यावर बसून जाणार व्हय तू?" पण ऐकंल तर शपथ.

मग सुरू झाली पार्टांची शोधाशोध. जन्मभर दुसऱ्यांसाठी फोन केले, आता स्वतःसाठी करताना याची जीभ जड व्हायला लागली. कार्बोरेटर कोल्हापूरच्या भंगारात मिळाला. शॉक मात्र त्यानंच गुंजीच्या भरमूला दिलते. भरमू जंगलाकडच्या वाड्यांवर दूध गोळा करतो, त्याची गाडी बंद पडली तर त्याची चूल बंद पडते. पद्मराजनं आधी भरमूच्या गाडीला दुसऱ्या मॉडेलचे शॉक शोधले, ते बसतात का बघितले, आणि मगच आपले मागितले. भरमू स्वतः पोत्यात गुंडाळून घेऊन आला. "अण्णा, न सांगता घेऊन गेला असता तरी चाललं असतं," म्हणाला बिचारा. एक दातेरी चक्र तेवढं कुठंच मिळंना. दुसऱ्या गाडीचं घासून बसवलं. चेन केसभर तिरकी पळायची.

राहिला टायर. पुढं बुलेटचा एकोणीस इंची बसतो, तो बसवला. मागचा निवडायला या गड्यानं आठवडा घालवला. माझं दुकान म्हणजे जणू त्याचा साक्षीदारांचा पिंजरा.

"संघ डांबरावरनं आला तर साधा टायर बास. पण पाणंदीतनं, शेतामधल्या मातीच्या वाटंनं, आला तर?"

"तू त्यांना आणायला जाणार हायस का शर्यत लावायला?"

"सामोरं जायला पायजे रं. रीत हाय. पाणंदीत दव असतंय, चिखल असतोय." मग त्यानं बटन टायर काढला. जाड जाड चौकोनी गुट्ट्यांचा, मातीत पंजा रोवल्यासारखा धरतो तसला. "हाच."

मी म्हटलं, "आणि मागं कोण बसणार?"

त्यानं टायर भिंतीला टेकवला. मी जीभ चावली. मग म्हणाला, "तू बस."

आता हातांचं ऐका. आहार देणाऱ्याचे हात स्वच्छ लागतात, नखंसुद्धा. मेकॅनिकचे हात कसे असतात ते बघितलंय न्हवं? रेघारेघांत काळं. पद्मराजनं त्या आधी कितीतरी दिवस दुकानात कशालाच हात लावला न्हाय. लिंबू, राख, खोबरेल, रोज घासायचा. उंटाचं बाकीचं काम कुणी केलं? मी. सुई-दोऱ्याचा माणूस मी, आणि हा हात पाठीमागं बांधून माझ्या डोक्यावर उभा. "उलटा आवळतोयस. अरं, उलटा. देवा रं." मी पाना फेकून दिला एकदा. पण त्याचे हात बघितले आणि परत उचलला. गुलाबी झालते हात, बाळंतिणीच्या पोरासारखे. लग्नानंतर पहिल्यांदा असे दिसत असतील.

त्या दिवशी पहाटे आम्ही सदलग्यात होतो. आदल्या सांजेला अवकाळी पाऊस झोडपून गेलता. पद्मराजच्या चुलतीनं, जयाबाईनं, चूल पेटवली होती. विहिरीचं पाणी गाळून ठेवलेलं, घरच्या जात्यावरचं पीठ, सगळं शुद्ध. पाटावर दोन डाळिंबं. उजाडल्यावर आम्ही संघाला सामोरं जायला निघालो. परत येऊन त्यानं आंघोळ करायची, धोतर नेसायचं आणि दारात उभं राहायचं, असं ठरलेलं.

गावाबाहेर आलो आणि संघाबरोबर चालणाऱ्या गोमटेशचा फोन आला. गोमटेश सदलग्याचाच, वाट दाखवायला गेलेला. पद्मराजनं गाडी थांबवून फोन मोठ्यानं लावला.

"अण्णा, घोटाळा झालाय. ओढ्यावरच्या फरशीवरनं पाणी चाललंय. माताजी पाण्यातनं येत न्हाईत."

"मग पाणंदीनं या की. साकवावरनं."

"पाणंद बघून आलो. पावसाळ्यापास्नं कुणी गेलंच न्हाय, ऊसगाड्याबी अजून सुरू न्हाईत. हिरवं गवत माजलंय. हिरव्यावर त्या पाय ठेवत न्हाईत, तुम्हाला म्हायती हाय. जरा वेळ थांबून मागं फिरणार, हायवेनं सरळ पुढं. सदलगा राहिला म्हणायचं."

पद्मराजच्या मानंवरची शीर मला मागनं दिसत होती. त्यानं विचारलं, "तुडवलेली वाट असली तर चालंल?"

"गाडी-बैल गेलेली वाट चालती. पण त्यांच्यासाठी मुद्दाम तुडवलेली न्हाय चालत. तसं कळलं तर अजिबात येणार न्हाईत."

"मुद्दाम कोण तुडवतंय? मी माझ्या कामाला चाललोय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. गवतातल्या जीवांची माफी मागितली असंल. आणि उंट पाणंदीत घातला.

काय सांगू! दोन्ही अंगाला ऊस, मधी कमरेएवढं गवत, खाली काळं रान. बटन टायरनं गवत उपटून काढलं, दाबलं, चिखलात गाडलं. एकदा साकवाच्या जरा अलीकडंपर्यंत गेला, वळला, त्याच रेघेवरनं परत. परत गेला. मी मागं जीव मुठीत धरून. वीतभर रुंदीची काळी वाट गवतातनं उघडी पडत गेली. सारखी, सरळ, भांग पाडल्यागत. मी ओरडलो, "शाब्बास रं पठ्ठ्या!" पहिल्यांदाच त्या टायरचं मला पटलं.

आणि तिथंच घात झाला. काळी माती. गिऱ्हाइकाला "माती लाल का काळी" विचारणारा हा माणूस, स्वतःचा टायर निवडताना दवाचा विचार केला, चिखलाचा केला, पण काळ्या रानाचा चिकटपणा विसरला. सदलग्याच्या रानात वाढलेला माणूस! माती गुट्ट्यांच्या मधी भरत गेली, भरत गेली, आणि मागचं चाक जाम. तिरकी चेन चक्रावरनं उतरून फटीत रुतली. साकवाजवळचा शेवटचा तुकडा राहिलेला. पन्नासभर पावलांचा असंल.

"तू हात लावू नको," मी म्हटलं आणि खाली बसलो. काडीनं माती काढतोय, चेन ओढतोय. माझी बोटं चिरली, पण ती बया हलंना. पलीकडं साकवाच्या वर पांढऱ्या साड्या दिसायला लागल्या. चार-पाच जणी. थांबल्या होत्या. गोमटेश त्यांच्याशी काहीतरी बोलत होता, आणि त्यातली सगळ्यात पुढची वळली. मागं फिरायला वळली.

"सरक," पद्मराज म्हणाला.

"हात, पद्मराज, हात तुझे..."

"सरक म्हणतो न्हवं!"

उभ्या जन्मात तो माझ्यावर ओरडला न्हवता. त्यानं दोन्ही हात चेनमधी घातले, मनगटापर्यंत. मूठ भरून माती काढली, चेन बोटांनी उचलली, चाक मागं फिरवलं, कट्‌ आवाज आला आणि बसली. त्यानं हातांकडं बघितलंसुद्धा न्हाय. किक मारली, राहिलेला तुकडा दोनदा तुडवला, आणि कडंला उसाच्या सरीत नेऊन उभी केली. कुणी बघितलं तर म्हणंल, शेतकरी हाय, आपल्या रानात आलाय.

पलीकडनं गोमटेशनं उघडी पडलेली वाट दाखवली आणि संघ आला. त्याच वीतभर वाटंनं, एकामागनं एक. कमलावैनी तिसरी होती. वाळली होती लई. डोकीवर केस न्हाईत, पिंछी उजव्या हातात. चालताना ही माणसं चार हात पुढची जमीन बघतात, पायाखाली जीव यायला नको म्हणून. वर बघायचं न्हाय. पद्मराजनं नमस्कार करायला हात पुढं आणले, ते काळेकुट्ट दिसले, आणि परत पाठीमागं नेले. नुसता वाकला. ती आमच्यापासनं हाताच्या अंतरावरनं गेली. तिनं टायरचे चौकोनी ठसे बघितले असतील, त्यांच्यावरच पाय देत गेली. पण वर बघितलं न्हाय.

पुढचं सांगायला मला जड जातंय. घरी येऊन त्यानं रॉकेलनं घासले, राखेनं घासले, मी विटकरीचा तुकडा दिला. रेघांतलं काळं रेघांतच. जयाबाईनं बघितलं आणि तिचेच डोळे भरले. "असल्या हातानं न्हाय रं बाळा," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "तू उभी राहा काकू." आणि रस्त्याच्या पल्याड बघ्यांच्या गर्दीत माझ्याजवळ येऊन थांबला. हात पाठीमागंच.

जयाबाई दारात उभी राहिली, दोन्ही हातात डाळिंबं. कमलावैनी गल्लीत आली. दोन्हीकडनं 'इथं थांबा' म्हणून हाका. "वंदामि माताजी, वंदामि! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" दोन दारं सोडली तिनं. या दारापुढं आली आणि थांबली. मला वाटलं, जिंकलो. तिनं उंबऱ्याकडं बघितलं, डाळिंबांकडं बघितलं. जयाबाईनं डाळिंबं आणखी पुढं धरली. आणि मग ती पुढं निघाली. कोपऱ्यावरच्या घरात एक जोडपं नारळ घेऊन उभं होतं, तिथं आत गेली.

मी भडकलो. "डाळिंब होतं, दार होतं! कशाची खूण धरली होती तिनं? मी सांगतो, तुझीच धरली असणार. तू दारात पायजे होतास, लेका!"

"गप्प," तो म्हणाला. "असं बोलू न्हाय. तिला आता कुणी न्हाय. मीबी न्हाय." मग कोपऱ्यावरच्या घराकडं बघत म्हणाला, "आली तर खरी गावात."

दुपारी निपाणीला निघालो. फरशीवरचं पाणी उतरलं न्हवतं, जवळची वाट तीच पाणंद. तोंडाशी त्यानं गाडी बंद केली आणि उतरला. काळ्या पट्ट्यावर टायरचे ठसे, आणि त्या ठशांवर अनवाणी पावलं उमटलेली. सगळी जवळपास सारखीच. पण एक जोडी डावीकडं कलती होती. दुखरा गुडघा जपत चालणाऱ्याची. पद्मराज तिथं उकिडवा बसला. हात लावला न्हाय. बराच वेळ नुसता बघत राहिला.

मग गाडी वळवली. "लांबनं जाऊ," म्हणाला.

लांबनं म्हणजे सगळा वळसा घालून हायवेनं. बटन टायर डांबरावर काय आवाज करतो, ऐकलाय कधी? घर्रर्र असा, कानठळ्या बसवणारा. त्यात शेजारच्याचं बोलणंबी ऐकू येत न्हाय. मी रुंद सीटवर मागं बसलो होतो, कमलावैनीच्या जागेवर. त्याचे खांदे हलत होते. ते टायरनं हलत होते का कशानं, मी विचारलं न्हाय. त्या आवाजाच्या आड माणसानं काय करायचं ते करावं.

तवंदीच्या घाटाजवळ त्यानं गाडी हळू केली आणि मान न वळवता विचारलं, "मारुती, मागं हायस न्हवं रं?"

"हाय की," मी म्हटलं. "चल."